दुसरा ब्रेक

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडे बघून तुम्हाला हसू आलं तर मी रागावणार नाही. माझा एक दरवाजा एका रंगाचा आणि बाकीचं अंग दुसऱ्या रंगाचं आहे. पुढच्या बंपरवर इतके पोचे आहेत की त्यातला नवा कुठला हे मलाही सांगता येत नाही. टपावरची 'शिकाऊ' ही पाटी वर्षानुवर्षं उन्हात राहून फिकट झाली आहे. सिग्नलला नवीकोरी गाडी शेजारी येऊन थांबली की मी अंग चोरून उभी राहते. पण या पोच्यांची लाज तशी वरवरची. खरी लाज वाटावी असा एक दिवस माझ्या आयुष्यात आला, तो मला तुम्हाला सांगायचा आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. चालवणाऱ्याच्या पायाशी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, अशी तीन पेडलं. मला विकत घेतलं ते मोटार शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. त्यांनी मला घरी नेण्याआधी गॅरेजमध्ये नेलं, स्वतः पाठीवर झोपून माझ्या आत शिरले आणि शेजारच्या सीटसमोर आणखी एक पेडल बसवलं. हा दुसरा ब्रेक. एका लोखंडी दांडीने तो पहिल्या ब्रेकला जोडलेला होता. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला की शेजारी बसलेल्या मास्तरांनी तो दाबायचा. मग पहिला ब्रेकही, कुणा अदृश्य माणसाचा पाय पडावा तसा, आपोआप खाली जायचा आणि मी थांबायचे.

माझ्यावर किती जण शिकले म्हणून सांगू! वळण आलं की डोळे मिटून घेणारे एक वकील होते. 'डावीकडे घ्या' म्हटलं की आधी मनगटावरचं घड्याळ शोधणारी एक नर्स होती. घाबरली की स्टीअरिंग सोडून दोन्ही कान धरणारी एक शिंपीणबाई होती. मास्तर सगळ्यांना सांभाळून घ्यायचे. "चुका, चुका, खुशाल चुका. घरी चुकलात तर बायको बोलेल, इथे मी बोलणार नाही," असं म्हणायचे. अगदीच गळ्याशी आलं तरच दुसरा ब्रेक दाबायचे. लोक म्हणायचे, मास्तरांची गाडी गुणाची. हे ऐकून माझी छाती फुगायची.

मास्तरांना एकच मुलगी. तिचं घरातलं नाव चिऊ. ती मोठी होऊन चष्मा लावायला लागली, मास्तरांच्या मोटार-शाळेच्या कचेरीत बसून फोन घ्यायला लागली, फळ्यावर रस्त्याच्या खुणा काढून शिकाऊंना समजावून सांगायला लागली, तरी ती चिऊच राहिली. तीही माझ्यावरच शिकली. पण मित्रांनो, लोकांच्या मुलांना हसत हसत चुकू देणारे मास्तर चिऊ चाकामागे बसली की वेगळेच व्हायचे. समोर मांजर दिसलं, ब्रेक. लांबून सायकल आली, ब्रेक. चिऊचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेककडे निघेपर्यंत पेडल आधीच खाली गेलेलं असायचं. "बघ, मी नसतो तर?" मास्तर म्हणायचे. आपण ब्रेक मारला असता की नसता, हे चिऊला कधी कळलंच नाही. मलाही कळलं नाही. तिला परवाना मिळाला, पण ती एकटी अशी कधी माझ्यात बसली नाही.

मग मास्तरांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी शिकवणं बंद करायला सांगितलं. माझ्यावर मेणकापड पडलं. चाकांतली हवा हळूहळू गेली. मागच्या सीटखाली उंदराने संसार थाटला. कधीकाळी गुणाची म्हणवली गेलेली मी, वास मारायला लागले. शेवटी जुन्या गाड्या घेणाऱ्या एका माणसाशी मास्तरांचं बोलणं झालं. तो सोमवारी येऊन मला घेऊन जाणार होता. गाडी गेली की शाळाही बंद.

ते ठरलं तेव्हा मास्तर आणि चिऊ माझ्याजवळच उभे होते. मास्तरांचा एक जुना शिकाऊ, जो आता गॅरेज चालवतो, माझ्या चाकांत हवा भरत होता.

"बाबा, शाळा मी चालवते," चिऊ म्हणाली.

"तू? अगं, तू अजून एकटी पेट्रोल भरायला गेली नाहीस. लोकांच्या शेजारी बसून काय शिकवणार?"

"एकटी जाऊ कधी दिलंत?"

"जाऊ दिलं असतं की. तू वेळेवर ब्रेक मारलेला एकदा तरी दिसू दे मला."

गॅरेजवाला खाली मान घालून हसला. "मास्तर, रविवारी आमच्या मैदानावर घेऊन या हिला. ऑटोक्रॉस आहे. आपटायला तिथे भिंत नाही की खांब नाही. कोन आहेत फक्त, तेही रबराचे."

मास्तर म्हणाले, "ठीक आहे. चार लोकांसमोर एक फेरी न थांबता पूर्ण कर. केलीस तर सोमवारी त्या माणसाला मी परत पाठवीन आणि शाळा तुझी. नाही केलीस तर मला पुन्हा विचारायचं नाही."

ऑटोक्रॉस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. मोठ्या मोकळ्या डांबरी मैदानावर नारिंगी रबरी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. या शंकूंना तिथे सगळे कोन म्हणतात. वाटेवर एका वेळी एकच गाडी सोडतात. शर्यत दुसऱ्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. शंकू पाडला तर तुमच्या वेळेत दोन सेकंद वाढतात. वाट चुकली तर ती फेरी फुकट. प्रत्येकाला काही फेऱ्या मिळतात, आणि आपली पाळी नसेल तेव्हा मैदानात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उभे करावे लागतात. मोठे झाल्यावर, परवाना हातात आल्यावर, तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर मी सांगते त्यातलं थोडंफार आठवा.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. नवीन माणसाने अशा ठिकाणी वेळेआधी पोचावं, ते आम्ही पोचलो. पण दुसरी एक गोष्ट राहून गेली होती. गाडीत सुटं काही ठेवायचं नसतं. वळणावर पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसली तर काय होईल, विचार करा. हे घरीच काढून यायचं असतं. आमचं तिथे निघालं, सगळ्यांसमोर. सीटखालून एक चप्पल, वाळलेली पेनं, केसांच्या पिना, बुटक्या शिकाऊंसाठी ठेवलेली उशी, आणि त्या उशीच्या कापसाचं उंदराने केलेलं घरटं. शेजारच्या गाड्या कशा चकचकीत उभ्या होत्या! त्यांच्या चालकांनी माना वळवल्या. मला वाटलं, डांबर दुभंगावं आणि मी आत जावं.

तपासणीला तोच गॅरेजवाला होता. त्याने माझी चाकं धरून हलवली, नट घट्ट आहेत का पाहिलं, बॅटरी बांधलेली आहे ना ते पाहिलं, हेल्मेट पाहिलं. मग त्याची नजर दुसऱ्या ब्रेकवर गेली.

"मास्तर, शेजारी तुम्हीच बसणार? मग याला पाय लावायचा नाही हं."

"मला शिकवतोस? तुला क्लच सोडायला महिना लागला होता," मास्तर म्हणाले. आजूबाजूचे हसले. गॅरेजवाला लाजून पुढच्या गाडीकडे गेला.

नवशिक्यांची जबाबदारी एका दातांच्या डॉक्टरणीकडे होती. बाईंनी सगळ्या नवख्यांना माझ्याच बॉनेटपाशी जमवलं.

"आधी श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत रोज माणसं श्वास रोखून बसतात, मला ते लांबूनच ओळखू येतं. हं. आता आपण सगळी वाट पायी चालणार आहोत. गप्पा मारत चालायचं नाही. कुठे वळायचं आणि कुठे हळू व्हायचं, ते पाठ करायचं. एकदा चाललात तर अर्धं कळेल, म्हणून परत चाला. पहिली फेरी वेगासाठी नाही, वाट सापडण्यासाठी. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आणि ज्या कोनाची भीती वाटते त्याच्याकडे बघू नका. नजर जाते तिथे गाडी जाते. पुढच्या कोनांकडे बघा."

"आणि लागलाच धक्का तर?" चिऊने विचारलं.

"तर कोन पडेल. आम्ही उचलू. दातासारखं नाही ते, परत बसवता येतं."

चिऊ तीनदा वाट चालून आली. माझ्यात बसल्यावर तिने डोळे मिटून हातांनी हवेत वळणं घेतली. सीट पुढे ओढली, मनगट स्टीअरिंगच्या वरच्या टोकाला पोचतं का पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरगी तयार आहे.

झेंडा हलला. आम्ही निघालो. पहिली शंकूंची रांग तिने डावी-उजवी करत छान काढली. माझ्या म्हाताऱ्या सांध्यांतही जोर आला. पुढे सरळ तुकडा होता आणि त्याच्या शेवटी मोठं वळण. चिऊचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जात होता, एवढ्यात माझं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. खालपर्यंत. मी गचका देऊन थांबले आणि इंजिन बंद पडलं.

मग कुठूनतरी हसू आलं. "अरे, मास्तरांची मुलगी ना ती?" असंही कोणी बोललं. चिऊने परत इंजिन सुरू केलं, उरलेली वाट रांगत काढली आणि आम्ही रांगेत परत आलो.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काय झालं गं?"

चिऊने तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तर बोलले, "घाबरली जरा. वळण बघून थांबली. लहानपणापासून तशीच आहे."

मित्रांनो, मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांचा पाय इतकी वर्षं स्वतःच्या मर्जीने दाबला जायचा की तो दाबला गेला हे त्यांना कळायचंही नाही. घरी टीव्हीवर एखादी गाडी वळायला लागली तरी तो पाय सतरंजीवर दाबला जायचा, असं चिऊची आई मला पुसता पुसता शेजारणीला सांगायची. पण चिऊला माहीत होतं आणि मला माहीत होतं. चारचौघांत, वडिलांच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर, ती कशी बोलणार? तिने खालचा ओठ दातांत धरला आणि म्हणाली, "हो. जरा घाबरले." आणि मी? मला तर बोलताच येत नाही. माझ्याच पोटातल्या दांडीने पोरीची मान खाली घातली आणि मी मुकाट उभी राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा त्या चौथ्या पेडलाची लाज वाटली. ज्याच्यामुळे मी गुणाची म्हणवले गेले, त्याचीच.

"दुसऱ्या फेरीला मी बसू हिच्या शेजारी?" बाईंनी विचारलं.

"नको, नको. मीच शिकवलंय तिला," मास्तर म्हणाले.

दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी चिऊ पहिल्यापेक्षा हळू होती, आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. पुन्हा ती रांग, पुन्हा तो सरळ तुकडा, पुन्हा ते वळण. आणि पुन्हा माझं पेडल खाली गेलं. एक शंकू माझ्या बंपरखाली अडकला. इंजिन बंद.

लोक या वेळी हसले नाहीत, आणि ते जास्तच लागलं. लांब उभ्या झेंडेवाल्याने लाल झेंडा वर केला.

चिऊने दोन्ही हात मांडीवर ठेवले. वडिलांकडे न बघता ती अगदी हळू म्हणाली, "बाबा... पाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय पेडलावर होता. नुसता टेकलेला नव्हता, गुडघा ताठ करून दाबलेला होता. त्यांनी तो उचलला नाही. बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय होता.

"मघाशीही?" त्यांनी विचारलं.

चिऊने होकारार्थी मान हलवली.

"आणि आधी... रस्त्यावर... नेहमीच?"

मास्तरांनी पाय काढला.

आम्ही रांगेत परत आलो. गॅरेजवाला आलाच. "काय मास्तर, क्लच गेला का?"

मास्तर खाली उतरले. आजूबाजूला माणसं होतीच, त्यांतली बरीचशी माझ्यावर शिकलेली. त्यांनी घसा साफ केला.

"क्लच ठीक आहे. ब्रेक मी दाबला. मघाशीही मीच दाबला होता. ती घाबरली नव्हती, आणि मी तुम्हा सगळ्यांसमोर तिला घाबरट म्हणालो." मग ते एकदम गॅरेजवाल्यावर ओरडले, "बघतोस काय? पाना आण!"

"मी काढतो ना, मास्तर."

"मी बसवलंय. मीच काढणार."

मास्तर डांबरावर पाठ टेकून माझ्या आत शिरले. पण डोळे! नट कुठे आहे ते त्यांना दिसेना. पाना दोनदा घसरून माझ्या पत्र्यावर वाजला. चिऊ दुसऱ्या बाजूने वाकली.

"डावीकडे घ्या, बाबा. अजून थोडं. हं, आता खाली. बसला."

"बसला?"

"बसला. आता फिरवा."

नट निघाला, दांडी निघाली, पेडल निघालं. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाला माझं जुनं काळं ग्रीस लागलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मैदानात उभं राहायची त्यांची पाळी होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कुठे उभं राहणार विचारलं. त्यांनी त्या मोठ्या वळणाकडे बोट दाखवलं.

तिसरी फेरी. माझ्यात चिऊ एकटी. शेजारची सीट रिकामी. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी तिचा पाय कधी नीट ओळखलाच नव्हता. तो हलका होता, पण त्याला काय हवं ते त्याला ठाऊक होतं. आम्ही रांग काढली, सरळ तुकड्यावर आलो, वळण समोर आलं. मला वळणापाशी उभे असलेले मास्तर दिसले. त्यांचा उजवा पाय डांबरावर गच्च दाबलेला होता.

चिऊने ब्रेक मारला. उशिरा मारला, खरं सांगायचं तर. माझी मागची बाजू थोडी सरकली आणि कडेचा शंकू उडून लांब जाऊन पडला. पण तिची नजर पुढच्या शंकूंवर होती. ती थांबली नाही. मी थांबले नाही.

मागून मास्तरांचा आवाज आला, वर्गातला, दणदणीत. "एक कोन! एक कोन पाडला!" आरशात मला दिसलं, ते धावत गेले, शंकू उचलला आणि त्याच्या जागी खडूने आखलेल्या चौकटीत अगदी नीट उभा केला. स्वतःच्या मुलीची चूक त्यांनीच सगळ्यांना ओरडून सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा हात उंच होता.

आम्ही शेवटची रेघ ओलांडली. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ आम्हालाच लागला. यादीत आम्ही तळाला होतो. चिऊने स्टीअरिंगवर डोकं टेकवलं.

सोमवारी तो माणूस आला. मास्तरांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. मग कचेरीच्या किल्ल्या चिऊपुढे ठेवून म्हणाले, "त्या वळणावर ब्रेक आणखी थोडा आधी मारायला हवा होतास."

"माहितीये, बाबा."

"हो. तुला माहीत असणारच." एवढं बोलून ते आत गेले.

आता चिऊ शिकवते. शिकाऊंच्या जिवासाठी दुसरा ब्रेक लागतोच, तो तिने परत बसवून घेतला आहे. पण शेजारी बसताना ती दोन्ही पाय मागे, सीटच्या कडेला टेकवून ठेवते, आणि गरज पडल्याशिवाय ते पुढे नेत नाही. मास्तर दर वेळी मैदानावर जातात आणि शंकू उचलतात. एकेकाळी मला गुणाची म्हणायचे, ते आठवलं की मात्र मला अजूनही कानकोंडं होतं. माझ्या त्या गुणाची किंमत एका मुलीने मान खाली घालून चुकवली होती.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. चाकांत हवा ठेवा, सीटखाली कचरा साठू देऊ नका, आम्हाला मेणकापडाखाली विसरू नका. आणि पुढे कधी तुम्ही एखाद्या नवख्या माणसाच्या शेजारी बसलात, तुमच्या धाकट्या भावंडाच्या, किंवा पुढे तुमच्याच मुलांच्या, तर अधूनमधून खाली वाकून आपला पाय कुठे आहे ते बघा. त्याने एखादा शंकू पाडला तर पाडू द्या. पडला नाही असं म्हणू नका, आणि हसूही नका. जा, उचला, आणि त्याच्या जागेवर उभा करून बाजूला व्हा. त्याची पुढची फेरी अजून व्हायची असते.